कोकरांची बाराखडी

माघ वद्य अष्टमी, रविवार

वहीबाई, उशीर झाला, राग धरू नका. तुम्ही घरात आलात त्याला महिना उलटून गेला. आमचे जावईबापू मोहनराव बीडला मास्तर आहेत. संक्रांतीला आले तेव्हा तुम्हाला माझ्या हाती देऊन म्हणाले, "मामा, रोजचं रोज लिहा. खासगी आहे, कुणी तपासणार नाही." मी रोज उघडत होतो. पण पहिलं पान इतकं कोरं, की टाक टेकवायची छाती होईना. डाग पडला तर? आज आमची मंडळी साखराबाई म्हणाली, "पान खराब हुईल म्हनून लिहीत न्हाई, मंग मळंल म्हनून धोतर बी नेसू नका." म्हणून बसलो. डाग पडलाच. वरच्या कोपऱ्यात आहे, तिकडे बघू नये.

आता हकीकत. ज्वारीची काढणी लागली आहे. उमापुरातल्या बाया दिवस उगवायच्या आत शेत गाठतात. लहान लेकरं कुठं ठेवायची? गेल्या सुगीत छबुबाईची अंजना खेळता खेळता विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती. छबुबाईला अजून त्या विहिरीचं पाणी घशाखाली उतरत नाही. तेव्हा मोहनरावांनी तोड काढली, की मामांनी लेकरं सांभाळावीत आणि सांभाळता सांभाळता अक्षरं शिकवावीत.

सुंदरराव पाटलांनी त्यांच्या गोठ्यापुढची ओसरी दिली. देताना पांढऱ्या घोडीवरूनच बोलले, "आप्पा, पाडव्याला म्या येईन. पोरांनी एक वळ वाचून दावली तर वसरी तुमची. न्हाई तर तितं कडबा रचतो. कडबा निदान गप बसतो."

मला रात्रभर झोप नाही. मी स्वतः दुसरीपर्यंत शिकलेला. तिसरीचं पुस्तक आणायला वडील गेवराईला गेले होते, ते बैल घेऊन आले.

माघ वद्य दशमी, मंगळवार

मोहनरावांनी कानमंत्र लिहून दिला आहे. लेकरांना एका जागी बसवू नका. अक्षर हाताला लागू द्या. रोज एक गोष्ट सांगा आणि अर्ध्यावर सोडा, म्हणजे उद्या ओढीनं येतील.

हाताला लागावं म्हणून आज ज्वारीचे दाणे मांडून मोठा 'क' केला. पाणी प्यायला वळलो, परत बघतो तर 'क'चं पोट गायब. खाल्लं. अंजना तोंड पुसत म्हणाली, "आबा, क लई ग्वाड हाय. आता ख करा."

दुपारी मातीची अक्षरं करून उन्हात वाळवली. ती पोरांनी एकमेकांच्या डोक्यात हाणली. 'ग'पेक्षा 'घ' जास्त लागतो, एवढं सगळ्यांना कळलं. यापुढे काही शिकणं झालं नाही.

पाडवा जवळ येतो आहे.

माघ वद्य द्वादशी, गुरुवार

काल गोष्ट सांगितली. एक उंट गेवराईच्या बाजारात हरवतो. कानमंत्राप्रमाणे अर्ध्यावर सोडली. घरी आल्यावर ध्यानात आलं, की पुढं काय होतं ते मलाच ठाऊक नाही. जेवण गेलं नाही. साखराबाईला विचारलं, "उंटाचं काय झालं असंल गं?" ती म्हणाली, "तुमच्यापास्नं सुटला, चांगलं झालं आसंल."

आज ओसरीत जायला पाय उचलेना. पण मी तोंड उघडायच्या आत पोरांनीच सांगायला सुरुवात केली. एकाच्या मते उंट तहसीलदार झाला. दुसऱ्याच्या मते तो उकिरड्यात झोपला आणि सकाळी त्याच्या मदारीवर कोंबड्या बसल्या होत्या. एका मुलीनं उंटाचं लगीन लावलं, वरातीसकट. ऊन कलेपर्यंत हेच. मला शिकवायला वेळच मिळाला नाही. असं चाललं तर कडबा आलाच म्हणायचा.

फाल्गुन शुद्ध पंचमी, शुक्रवार

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. एकाच्या नाकात हरभरा गेला होता. निघाला.

आज मात्र नवी गोष्ट घडली. ओसरीच्या बाजूला म्हाळू धनगराचं वाडगं, म्हणजे मेंढरांचं कुंपण, आहे. म्हाळू आपली मेंढरं रानात नेतो आणि कोकरं वाडग्यात ठेवून जातो. ती दिवसभर बँ बँ करतात, आणि माझी निम्मी शाळा माझ्याकडे पाठ करून तिकडंच बघत बसते. मी वैतागून म्हणालो, "आरं, माझ्याकडं बघा! अक्षर हितं हाय!"

अंजना म्हणाली, "मंग तितं काढा की, आबा. कोकराच्या पाठीवर."

संध्याकाळी म्हाळूला विचारलं. भीत भीतच, कारण म्हाळू तोंडाचा फटकळ. तो पोट धरून हसला. "काढा की! पर आप्पा, माजी कोकरं शिकून शानी झाली तर मंग मेंढरामागं कोन जाईल बे, तुमी?" त्यानंच गेरू तेलात कालवून दिला. तेलातला गेरू लोकरीवरून लवकर जात नाही म्हणे.

फाल्गुन शुद्ध अष्टमी, सोमवार

कोकरांवर अक्षरं काढून झाली. एका कोकराला एक अक्षर. 'ङ' आणि 'ञ' यांना कोकरू दिलं नाही. जन्मात त्यांची गरज पडली नाही, आणि ती नेमकी कशी काढतात याबद्दल मला खात्री नाही.

'ळ' काढताना कोकरू हललं, त्यामुळे तो थोडा पोटाकडे गेला आहे.

पोरं दिवसभर वाडग्यात. "म कडं बघा, म मुतला!" "ए, माझा ट सोड!" "आबा, थ लंगडायलाय!" नुसता कालवा. पाटी नाही, मांडी घालून बसणं नाही, एका सुरात म्हणणं नाही. आमच्या वेळी पंतोजी छडी घेऊन बसत, तेव्हा कशी शाळा शाळेसारखी दिसे. हिला शाळा म्हणायचं का?

मोहनरावांचा निरोप आला. तालुक्याहून कधीतरी एखादे साहेब पाहणीला येतील, घाबरू नका, असं कळवलं आहे. सरकारी कारभार सगळा उर्दूत. साहेब उर्दूत बोलले तर? मी "तशरीफ ठेवा" एवढं घोकून ठेवलं आहे.

फाल्गुन शुद्ध एकादशी, गुरुवार

काना, मात्रा, वेलांटी यांचं काय करावं, ही चिंता होती. कोकराच्या पाठीवर जागा नाही. ती पोरांनी परस्पर सोडवली. कोकराशेजारी एक जण काठी उभी धरतो, तो काना; तीच वर तिरकी धरली की मात्रा. वेलांटीला एक जण कोकरावर ओणवा होतो. उकार व्हायचं तर खाली बसून कोकराचे पाय धरायचे. अनुस्वाराला कोकराच्या डोक्यावर कांदा धरून उभं राहावं लागतं, हात भरून येतात, म्हणून अनुस्वार व्हायला कुणीच तयार नसतं.

आज त्यांनी 'काका' केलं, 'मामा' केलं, 'राजा' केलं. 'क' आणि 'म' एकेकच असल्यानं तेच कोकरू पुढं उचलून दोनदा वाचावं लागतं. छबुबाई शेतातून आली तेव्हा अंजनानं तिला वाडग्याच्या कुंपणाशी उभं करून दाखवलं, "आये, ह्ये बग, ह्ये 'मामा' हाय."

छबुबाई म्हणाली, "माझा भाऊ मेंढरावानी दिसतो व्हय गं?" पण ती बराच वेळ उभी होती. डोक्यावरचा भारा खाली ठेवायचं विसरली. बिचारी थकली असेल.

माझी काळजी अशी, की हे सगळं खेळणं झालं. वाचन कधी सुरू करायचं?

धुळवड, मंगळवार

शाळा बंद. माझ्या डोक्यावर शेण पडलं. कुणी टाकलं ते माहीत आहे. तिचं नाव 'अ'वरून सुरू होतं.

फाल्गुन वद्य नवमी, बुधवार

वहीबाई, आज मोठा आनंद! साहेब येऊन गेले!

दुपारी वाडग्यापाशी एक गृहस्थ उभे. अंगात कोट, काखेत छत्री. पावसाचं नाव नाही आणि छत्री, तेव्हाच मी ओळखलं. धावत गेलो, "तशरीफ ठेवा" म्हणालो, घोंगडी अंथरली. ते बसले नाहीत. कामाचा माणूस. म्हाळू रानात होता हेही बरंच झालं, नाहीतर काहीबाही बोलला असता.

म्हणाले, "गेरू लावलेली हीच का?"

मी म्हणालो, "व्हय सायेब. समदी माझ्याच हातची."

त्यांनी कोकरू अन् कोकरू तपासलं. काय बारकाई! पाठीवरून हात फिरवला, मांड्या दाबल्या, तोंडं उघडून दात बघितले. मी मनात म्हणालो, मोठ्या खात्याची पाहणी अशी असते. 'ळ' पोटाकडं गेल्याबद्दल मी आधीच माफी मागितली. ते म्हणाले, "पोट चांगलंच हाय."

मग थोडे अडखळले. "काहींना शेपटीवर गेरू दिसतो, काहींना पाठीवर. नेमकी कोणती न्यायची?"

"न्यायची?" मी विचारलं.

"बीडला. शेठ वाट बघतायत."

म्हणजे वरच्या साहेबांना दाखवायला! मी म्हणालो, "समदी न्या सायेब. एक बी मागं ठिवू नका, न्हाई तर बाराखडी तुटंल." अनुक्रमानं हाकायला मी स्वतः वेशीपर्यंत गेलो. पोरं मागून ओरडत होती, "आबा, थ लंगडतोय, थ ला उचलून घ्या म्हनावं!" साहेबांनी घेतला, खांद्यावर. किती कनवाळू माणूस.

साखराबाईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "आन् परत कवा आननार हायेत?" हे मात्र विचारायचं राहून गेलं.

फाल्गुन वद्य दशमी, गुरुवार

तो साहेब नव्हता.

लिहवत नाही. थोडक्यात लिहितो. म्हाळूनं बीडच्या बद्रीनाथ शेठला थोडे नर विकले होते. धनगरांची रीत अशी, की सौदा ठरला की जनावराच्या शेपटीवर गेरूची टिकली लावायची. मग घेणाऱ्याचा माणूस येतो आणि गेरूची तेवढी हाकून नेतो. आमच्या घरात मेंढरं कधी नव्हती. मला काय ठाऊक?

म्हाळू ओसरीपुढं उभा राहून ओरडत होता. "शेपटावर, आप्पा, शेपटावर! पाठीवर कोन सौदा करतं बे? आन् म्हनं बाराखडी तुटंल! माजं वाडगं तुटलं की!"

"त्याच्याकडं छत्री हुती रे, म्हाळू," मी म्हणालो.

"छत्री? उंद्या छत्री घिऊन गाढव आलं तर साखराकाकूला बी देताल का?"

आतून साखराबाई म्हणाली, "देतील! सोबत शिदोरी बी बांदून देतील!"

म्हाळू तडक बीडच्या वाटेला लागला. कोकरांच्या आया रानात बँ बँ करत फिरतात. तो आवाज मला घरातही ऐकू येतो.

फाल्गुन वद्य द्वादशी, शनिवार

म्हाळूचा पत्ता नाही. वाडगं रिकामं, आणि आमची सगळी अक्षरं बीडला. पोरं ओसरीत गप बसून आहेत. मांडी घालून, हाताची घडी घालून, अगदी जुन्या शाळेसारखी. मला हेच हवं होतं ना? पण बघवत नाही. एक जण मुसमुसत म्हणाला, "माझा ट गेला." गोष्ट सांगायला गेलो तर पोरं म्हणाली, "कोकरं आल्यावर सांगा. अर्दी त्यास्नी कळायची न्हाई."

दाण्यांची अक्षरं मांडून बघितली. कुणी खाल्लीसुद्धा नाहीत.

फाल्गुन अमावास्या, मंगळवार

उद्या पाडवा. छबुबाई येऊन गेली. म्हणाली, "आप्पामामा, वसरी गेली तर अंजनाला पुन्यांदा विहिरीपाशीच न्यावी लागंल मला. दाव्यानं बांदून ठिवू का तिला?" हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. तिलाही नीट आलं नाही.

म्हणून आज दिवसभर पोरांना एकच ओळ पाठ करून घ्यायचा बेत होता. म्हणजे पाटील पाटीवर काहीही लिहोत, पोरांनी ती ओळ म्हणायची. हे फसवणुकीचं आहे, पण दुसरा उपाय सुचत नव्हता. बेतही साधला नाही. पोरं दुपारपासून गायबच. गेरूचं गाडगंही दिसत नाही. मला ओरडायचीही शक्ती नव्हती.

साखराबाईनं आपणहून गूळ पुढं केला. म्हणजे तिलाही आशा उरलेली दिसत नाही.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, पाडवा, बुधवार

गुढी उभारली. निंबाचा पाला खाल्ला. आज तो कडू लागलाच नाही, एवढं तोंड आधीच कडू होतं.

सुंदररावांची उद्या बीडच्या अदालतीत तारीख आहे. त्यामुळे पोरांची परीक्षा घेऊन जेवून लगेच निघायचं, असं त्यांचं ठरलं होतं. मी पाटी घासून, टोपी घालून ओसरीत बसलो. तेवढ्यात गोठ्यातून पाटलांच्या गड्याची बोंब आली, "मालक! घोडी बघा! घोडी रंगीवली!"

धावलो. वहीबाई, काय सांगू. सुंदररावांची ती पांढरी शुभ्र घोडी, जिच्यावर माशी बसली तर गड्याला शिव्या पडतात, तिच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत गेरूची अक्षरं. तेलातला गेरू. आणि कडेला माझी सगळी शाळा उभी, कोपरापर्यंत लाल.

गडी बादली घेऊन आला. सुंदरराव म्हणाले, "थांब बे." ते घोडीच्या मानेपाशी उभे राहिले आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचू लागले.

"को... क... रा... नो..." मग एक पाऊल मागं. "घ... री... या."

मी पुढं होऊन म्हणालो, "पाटील, चूक झाली. 'रा'वर अनुस्वार पायजे हुता. त्यांचा अनुस्वार कच्चा हाय. कांद्यामुळं."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. अंजनाला विचारलं, "ह्ये कुनी लिवलं गं?"

"समद्यांनी. मी को काढला. घ त्यानं काढला. शेवटचा काना बारकीनं. तिचा हात पुरंना, म्हनून तिला उचलली."

"आन् माज्याच घोडीवर कावून?"

अंजना म्हणाली, "घोडी बीडला जानार हाय न्हवं? कोकरं बी तितंच हायेत. बगतील आन् येतील."

"मेंढराला वाचता येतं व्हय?"

"त्यांच्याच तर पाठीवर अक्षरं हायेत, पाटील," अंजना म्हणाली. तिला पाटलांची कीव आलेली दिसत होती. "त्यास्नी न्हाई तर कुनाला येनार?"

सुंदरराव घोडीच्या पाठीवर कपाळ टेकून हसले. इतकं हसले, की फेटा सुटून घोडीच्या पायाशी पडला. मग डोळे पुसले आणि गड्याला म्हणाले, "धुवायची न्हाई. आशीच खोगीर घाल. अक्षरं झाकू नकु."

मी घाबरत पाटी पुढं केली. "पाटील, मंग परीक्षा?"

"झाली की परीक्षा."

"कवा?" मी विचारलं. मी सकाळपासून तिथंच होतो, मला तर दिसली नाही.

ते जेवायला गेले. निघताना मी पुन्हा लगाम धरून विचारलं, "आन् कडबा?" तर म्हणाले, "कडबा काय, आप्पा, कुटं बी ऱ्हाईल." आणि टाच मारली. वेशीबाहेरच्या वाटेवर दूरवर घोडी लाल दिसत होती, आणि रस्त्यातली माणसं थांबून मान वाकडी करून बघत होती.

मी दुपारपासून त्यांच्या बोलण्याचा विचार करतो आहे. कडबा कुठंही राहील, म्हणजे आमच्या ओसरीतही राहील, असाच अर्थ निघतो. छबुबाई हे ऐकून हसायला लागली आणि पुरणपोळ्या देऊन गेली. साखराबाई म्हणते, "तुमाला सांगून कळायचं न्हाई." पण ती पूर्ण सांगतही नाही.

आता यापुढचं वहीबाईंसाठी नाही. घरात दुसरा कागद नाही, म्हणून इथंच लिहितो आणि हे पान फाडून देतो. पाटलांचा गडी आज रात्रीच सामानाची गाडी घेऊन बीडला निघणार आहे, तो पोचवील.

जावईबापू मोहनराव यांस आप्पारावचा आशीर्वाद. लेक शिवकन्येस व लेकरांस आशीर्वाद. मागच्या पानावरचा मजकूर पानासोबत येतो आहे, तो वाचू नये. सुंदरराव तुमच्याच गल्लीवरून अदालतीत जातील. घोडी ओळखायला अडचण पडणार नाही. त्यांना गाठून एवढं विचारा, की ओसरी राहिली का गेली? परीक्षा झाली म्हणतात ती कुणी दिली, आणि पोरं पास की नापास? म्हाळू भेटला तर त्याच्या कोकरांचं काय झालं ते बघा. बद्रीनाथ शेठला सांगा, सौदा शेपटीचा होता, पाठीचा नव्हता. लंगडतो तो 'थ', त्याला चालवत आणू नये.

उत्तर फार लवकर पाठवा. पोरं बाहेर गेरूचं गाडगं घेऊन बसली आहेत आणि आता पाटलांच्या म्हशीकडं बघायला लागली आहेत. अंजना म्हणते, काळ्यावर गेरू दिसायचा नाही, चुना लागेल. म्हशीला चुना चालतो का, तेही त्याच निरोपात कळवा. उद्यापर्यंतच थांबतील, जास्त नाही.